इंटरनेटचा कारभार

बोरिवलीच्या माणसाने सकाळी नळ सोडला की त्याला जे पाणी मिळते ते महानगरपालिकेचे. स्थानकावर जाऊन तो ज्या गाडीत शिरतो ती पश्चिम रेल्वेची. आणि गाडी उशिरा आली तर राग कोणावर काढावयाचा, हेही त्याला ठाऊक असते. मुलुंडच्या माणसाची गाडी मध्य रेल्वेची, एवढाच काय तो फरक. पत्र पेटीत टाकले की ते टपालखात्याच्या स्वाधीन होते. शहरातल्या बहुतेक सोयींमागे असा कोणी तरी धनी असतो, त्याची कचेरी असते आणि कचेरीच्या दारावर पाटी असते.

इंटरनेटची गोष्ट निराळी आहे. त्याच्या मालकाची कचेरी शोधावयास निघालो तर ती कोठेच सापडत नाही. ज्या कंपनीला आपण दरमहा पैसे भरतो ती आपल्या घरापर्यंतच्या तारेची किंवा मनोऱ्याची मालक. साऱ्या महाजालाची नव्हे. मग अमेरिकेचे सरकार मालक आहे काय? नाही. आपले सरकार? तेही नाही. जगातील हजारो संस्थांनी, कंपन्यांनी आणि विद्यापीठांनी आपापली लहानमोठी जाळी एकमेकांस जोडली आणि संदेशांची देवघेव एकाच रीतीने करण्याचे ठरविले. त्या जोडणीलाच आपण इंटरनेट म्हणतो. धनी नसलेल्या घरात सहसा गोंधळ माजतो. येथे तो का माजला नाही हे समजून घ्यावयाचे असेल, तर दोन वह्यांची हकीकत ऐकली पाहिजे. एक वही आकड्यांची आणि दुसरी नावांची. ह्यांतील नावांच्या वहीची भारतापुरती पाने कित्येक वर्षे आपल्या मुंबईच्या उपनगरात, जुहू येथे, लिहिली जात होती.

प्रथम आकड्यांची वही पाहू. टपालखात्याने १९७२ सालच्या स्वातंत्र्यदिनी पिनकोड सुरू केला. जुहूचा पिनकोड ४०००४९, मुलुंड पश्चिमेचा ४०००८०, घाटकोपर पश्चिमेचा ४०००८६ आणि बोरिवली पश्चिमेचा ४०००९२. आरंभीचे ४०० पाहताच नागपूरच्या काय किंवा गुवाहाटीच्या काय, टपाल कर्मचाऱ्याला पत्र मुंबईच्या थैलीत टाकावयाचे हे कळते. अंधेरी कोठे आणि घाटकोपर कोठे, हे त्याला ठाऊक असण्याची गरज नसते. इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांनाही असेच क्रमांक असतात. १९८१ साली ठरलेल्या पद्धतीप्रमाणे अशा क्रमांकाचे चार भाग असतात आणि प्रत्येक भागात ० ते २५५ यांपैकी एक संख्या असते. भारतातील शिक्षणसंस्थांना जोडणारे 'अर्नेट' नावाचे जाळे आहे. त्याला १९९० साली १४४ आणि १६ ह्या दोन भागांनी सुरू होणारे सर्व क्रमांक मिळाले. ते किती झाले? उरलेल्या दोन भागांत प्रत्येकी २५६ संख्या बसतात. म्हणजे २५६ गुणिले २५६, अर्थात ६५,५३६.

एकच क्रमांक दोन यंत्रांना दिला गेला, तर एकाचे पत्र दुसऱ्याच्या हाती पडेल. म्हणून कोणाला कोणते क्रमांक दिले, ह्याची नोंद कोठे तरी एकाच जागी हवी. सर्वांत वरची नोंद आज 'आयकॅन' नावाची संस्था ठेवते. ती क्रमांकांचे मोठे गठ्ठे जगातील पाच प्रादेशिक संस्थांना देते. आपल्या भागाची संस्था ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे आहे, आणि तिच्याकडून घेतलेले क्रमांक भारतात वाटण्याचे काम २०१२ पासून 'इरिन' ही भारतीय नोंदसंस्था करीत आली आहे. जुन्या पद्धतीत एकूण क्रमांक सुमारे ४२९ कोटी. १९८१ साली ही संख्या कोणालाही पुरून उरेल अशी वाटली होती. परंतु ३ फेब्रुवारी २०११ रोजी वरच्या वहीतील शेवटचे गठ्ठेही वाटून झाले. आता जुन्या क्रमांकांच्या जोडीला नवे, अधिक लांब क्रमांक चालू झाले आहेत. त्यांची एकूण संख्या लिहावयाची म्हटली तर ३९ अंक मांडावे लागतात. ती वाचून दाखविण्याचा हट्ट कोणी धरू नये.

परंतु आकडे लक्षात कोण ठेवणार? माणसाला नाव हवे असते. म्हणून दुसरी वही आली.

आरंभी ही वही म्हणजे एकच यादी होती. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर ह्या बाई आणि त्यांचे सहकारी ती सांभाळीत, आणि जाळ्यातील प्रत्येक यंत्र तिची नक्कल उतरून घेई. यंत्रे शेकड्यांनी वाढू लागली तेव्हा ही रीत चालेनाशी झाली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस ह्यांनी तोड काढली. एकच मोठी वही ठेवण्याऐवजी तिची पाने वाटून द्यावीत, आणि ज्याचे पान त्यानेच ते लिहावे, अशी ती तोड होती. इंटरनेटवरील नाव शेवटाकडून वाचावयाचे असते. शेवटचा तुकडा 'इन' असला, तर हे नाव भारताच्या पानावर पाहावे. त्या पानावर 'एसी' दिसले, तर शिक्षणसंस्थांच्या यादीत पाहावे. आणि तेथे त्या महाविद्यालयाचे नाव व क्रमांक सापडतील. आपण आडनावावरून घराणे ओळखतो आणि मग माणूस शोधतो, तसेच हे.

प्रत्येक देशाचे पान कोणाच्या हाती द्यावयाचे, हे त्या काळी कोण ठरवीत असे? कोणतेही सरकार नव्हे, तर जॉन पोस्टेल नावाचे एक दाढीवाले संगणकशास्त्रज्ञ. ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका संशोधनसंस्थेत काम करीत आणि नावे व आकडे ह्या दोन्ही वह्या सांभाळीत. देशाचे पान ज्याच्या हाती द्यावयाचे, तो त्याचा मालक नव्हे, तर विश्वस्त होय, अशी त्यांची दृष्टी होती. ८ मे १९८९ रोजी '.इन' हे भारताचे पान मूळ वहीला जोडले गेले.

आता जुहूला जाऊ. समुद्रकिनाऱ्यापासून जवळच, गुलमोहर मार्गाच्या बाजूस, राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका विभागातून १९८५ साली ते स्वतंत्र झाले, आणि डॉ. श्रीनिवासन रमणी हे त्याचे संचालक होते. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने 'अर्नेट' उभारावयास घेतले. त्यात आठ भागीदार होते : जुहूचे हे केंद्र, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, पाच आय.आय.टी. आणि स्वतः तो विभाग. पवईची आय.आय.टी. आणि जुहू ह्यांच्यामध्ये आरंभी साध्या टेलिफोनच्या तारेवरून पत्रे जात. जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली आणि मुंबई ह्यांच्यामध्ये खास तार घेण्यात आली. तिच्यावरून सेकंदाला ९,६०० बिट, म्हणजे सुमारे बाराशे रोमन अक्षरे जात, आणि ही मोठी मिरवण्यासारखी गोष्ट होती. १९९२ मध्ये जुहूहून अमेरिकेपर्यंत ६४,००० बिटांचा मार्ग मिळाला. आज एखाद्या मोबाइलने काढलेले तीन मेगाबाइटचे छायाचित्र त्या मार्गाने पाठवावयाचे असते, तर सव्वासहा मिनिटे लागली असती, आणि तेवढा वेळ इतरांनी वाट पाहत बसावे लागले असते. अर्थात त्या वेळी छायाचित्रे कोणी पाठवीत नसे. शास्त्रज्ञ एकमेकांना पत्रे लिहीत, आणि आठवड्यांनी येणारे उत्तर दुसऱ्या दिवशी आले म्हणून हरखून जात.

सामान्य नागरिकांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून. आता व्यापाऱ्यांना, वृत्तपत्रांना आणि संस्थांना नावे हवीशी वाटू लागली, आणि जुहूच्या वहीचे महत्त्व वाढले. शिक्षणसंस्थांची यादी 'अर्नेट'कडे आणि सरकारी कचेऱ्यांची राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे होती, 'को.इन'सारखी पाने मात्र जुहूला लिहिली जात. नियम कडक होते. थेट '.इन'खाली नाव मिळत नसे. ठरलेल्या पोटयादीतच ते घ्यावे लागे आणि त्यासाठी आपली पात्रता दाखवावी लागे. ह्या सावधपणामुळे लबाडांना वाव कमी राहिला, हे खरे. तथापि त्याची किंमतही पडली. १९९२ ते २००४ ह्या काळात '.इन'ची नावे सुमारे सात हजारच नोंदली गेली, आणि भारतातील कितीतरी व्यवसाय सरळ परदेशी वहीत '.कॉम'चे नाव घेऊन मोकळे झाले. वही नेटकी असावी, पण ती इतकी जपून ठेवू नये की लिहिणारा दारावरूनच परत जावा.

२००५ च्या आरंभी ही वही 'निक्सी' ह्या नफा न कमावणाऱ्या संस्थेकडे आली आणि १६ फेब्रुवारीपासून थेट '.इन'खाली नावे सर्वांसाठी खुली झाली. पाच वर्षांत नावांची संख्या सहा लाखांच्या पलीकडे गेली. जुहूचे केंद्र त्याआधीच 'सी-डॅक' ह्या संस्थेत विलीन झाले होते. डॉ. रमणी ह्यांचे नाव २०१४ साली इंटरनेटच्या जागतिक सन्मानयादीत घेण्यात आले.

'निक्सी'चे मूळ काम मात्र निराळेच आहे. वर्सोव्याहून अंधेरीमार्गे घाटकोपरला जाणारी मेट्रो २०१४ साली सुरू झाली. तिचा सारा मार्ग साडेअकरा किलोमीटरांहूनही कमी आहे. समजा, अंधेरीतील मुलीने घाटकोपरच्या मैत्रिणीला संदेश पाठविला. दोघींच्या कंपन्या वेगवेगळ्या. ह्या दोन कंपन्यांची जाळी मुंबईत कोठेच जोडलेली नसतील, तर तो संदेश समुद्र ओलांडून परदेशी जाईल, तेथे एका कंपनीकडून दुसरीकडे सोपविला जाईल आणि पुन्हा समुद्र ओलांडून घाटकोपरला येईल. पूर्वी असे खरोखर घडत असे, आणि त्या व्यर्थ प्रवासाचे भाडे आपण परकीय चलनात भरीत असू. म्हणून २००३ साली 'निक्सी' स्थापन झाली. तिने मुंबईसह काही मोठ्या शहरांत असे नाके उभारले, की जेथे कंपन्या आपापली जाळी समोरासमोर जोडतात. परदेशाकडील संदेशांना समुद्राखालच्या तारा लागतातच. त्यांतील अनेक तारा वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात. मुंबईला समुद्रातून आलेली पहिली तार 'ग्रेट ईस्टर्न' ह्या प्रचंड जहाजाने १८७० साली टाकली होती. म्हणजे ह्या किनाऱ्याला हे काम नवे नाही.

सर्व पानांची अनुक्रमणिका जिच्यात असते, त्या मूळ वहीकडे आता वळू. ती तेरा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या सर्व्हरांवर ठेवलेली असते. त्यांना रोमन लिपीतील 'ए'पासून 'एम'पर्यंतची अक्षरे दिली आहेत आणि बारा संस्था ते चालवितात. त्यांच्या प्रती जगभर ठेवलेल्या आहेत, मुंबईतही आहेत.

२८ जानेवारी १९९८ रोजी ह्या वहीसंबंधी एक विलक्षण गोष्ट घडली. त्या वेळी मूळ वहीची अस्सल प्रत अमेरिकन सरकारशी करार असलेल्या एका कंपनीकडे होती. पोस्टेल ह्यांनी बारांपैकी आठ चालकांना पत्र लिहिले, की नक्कल तिकडून न घेता माझ्याकडील यंत्रावरून घ्या. आणि त्यांनी ते ऐकले! ना कायदा, ना हुकूम. केवळ एका माणसावरचा विश्वास. जगातील कोणाही वापरणाऱ्याला ह्या बदलाचा पत्तासुद्धा लागला नाही. अमेरिकन सरकारला मात्र लागला. तेथून कडक शब्दांत विचारणा झाली, आणि पोस्टेल ह्यांनी, ही एक चाचणी होती असे सांगून सारे पूर्ववत केले.

ह्या प्रसंगाकडे दोन तऱ्हांनी पाहता येते. आठ चालकांचा विश्वास मिळविणारा माणूस थोरच म्हटला पाहिजे. परंतु त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर? साऱ्या जगाची वही एकाच सज्जनाच्या भरवशावर ठेवणे शहाणपणाचे नाही, हे सर्वांच्या ध्यानात आले. एका देशाच्या सरकारच्या हाती ती ठेवणेही इतरांना मान्य होण्यासारखे नव्हते. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला 'आयकॅन'ची स्थापना झाली. पोस्टेल ह्यांना तिचे काम पाहावयास मिळाले नाही. १६ ऑक्टोबरला, वयाच्या अवघ्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. नव्या संस्थेवर अमेरिकन सरकारची देखरेख पुढे अठरा वर्षे राहिली आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिचा करार संपुष्टात आला. आज तेथे कंपन्या, अभियंते, सामान्य वापरणाऱ्यांचे प्रतिनिधी आणि सरकारे एकत्र बसतात. ही रचना सर्वांना पसंत होती असे नाही. भारताने २०११ साली संयुक्त राष्ट्रांपुढे अशी सूचना मांडली होती, की हे काम पन्नास देशांच्या समितीकडे असावे. सरकारे लोकांनी निवडलेली असतात. तेव्हा त्यांचा शब्द वजनदार असावा, असे म्हणण्यात तथ्य आहे. पण सगळीच सरकारे लोकांनी निवडलेली नसतात, हेही तितकेच खरे. २०१५ साली भारताने सर्व घटकांनी मिळून कारभार करण्याच्या पद्धतीला पाठिंबा दिला.

संदेश कोणत्या रीतीने जावेत हे ठरविणाऱ्या अभियंत्यांची सभा तर आणखी गमतीची. तिचे सभासदत्व नसते. जो येईल तो बसतो. त्यामुळे मते मोजावयाची कशी? प्रश्न विचारला जातो, आणि ज्यांना तो मान्य असेल ते तोंड मिटून हुंकार देतात. मग विरुद्ध बाजूचे देतात. कोणता हुंकार भरदार आहे, ह्यावरून अध्यक्ष सभेचा कल ओळखतात. आजीची कहाणी पुढे सरकावी म्हणून हुंकार देणाऱ्या मुलांना ही पद्धत परकी वाटू नये.

देशाच्या सीमेच्या आत अर्थातच देशाचा कायदा चालतो. भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा आहे. कंपन्यांनी काही ठरावीक संकेतस्थळे स्वस्त आणि बाकीची महाग करावीत काय, असा प्रश्न २०१५ साली निघाला, तेव्हा दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे दहा लाखांहून अधिक पत्रे गेली. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने असा भेदभाव करण्यास मनाई केली.

आता राहिली आपल्या अक्षरांची गोष्ट. इंटरनेटवरची नावे प्रथम केवळ रोमन अक्षरांत लिहिता येत. ज्याला ती लिपी येत नाही, त्याने काय करावे? देवनागरीतील '.भारत' हे पान २०११ साली मूळ वहीला जोडले गेले आणि २७ ऑगस्ट २०१४ पासून त्याखाली नावे मिळू लागली. परंतु नावाच्या शेवटच्या तुकड्यात कोणती अक्षरे चालावीत आणि कोणती नाहीत, ह्याचे नियम प्रत्येक लिपीसाठी करावयाचे होते. कारण दिसावयास सारखी असणारी दोन नावे वेगवेगळ्या लोकांना मिळाली, तर लबाडाला रान मोकळे होईल.

येथे मराठीची एक अडचण उभी राहिली. 'आचार्याला' म्हणजे गुरूला आणि 'आचाऱ्याला' म्हणजे स्वयंपाक्याला. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. दोहोंतला फरक एका अर्ध्या 'र'चा. तो वगळला, तर सह्याद्रीच्या दऱ्या समुद्रात बुडाल्याच म्हणावयाच्या. हिंदीला ह्या अक्षराची गरज पडत नाही. हा अर्धा 'र' संगणकावर लिहिण्याची एक रीत अशी होती, की 'र', हलन्त आणि 'य' ह्यांच्यामध्ये एक अदृश्य चिन्ह घालावयाचे. पण डोळ्यांना न दिसणारे चिन्ह मूळ वहीत चालत नाही. मग दुसरी वाट घेणे भाग होते, आणि ती म्हणजे खाली टिंब दिलेला 'ऱ'.

भारतातील नऊ लिप्यांचे नियम तयार करणाऱ्या मंडळात भाषा जाणणारे आणि संगणक जाणणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक होते. त्यांनी एकेक अक्षर पुढे घेऊन त्याचा विचार केला. २०१९ साली देवनागरीचे नियम मूळ वहीच्या नियमांत समाविष्ट झाले. टिंबाच्या 'ऱ'ला त्यात एकट्याने प्रवेश नाही. परंतु तो अर्धा असला आणि त्याच्या पुढे 'य' किंवा 'ह' आला, तर त्याला आत घेतले जाते. त्यामुळे दऱ्या, वाऱ्या आणि कऱ्हाड हे शब्द आता तेथे जसेच्या तसे लिहिता येतात.